तुझ्या दुसऱ्या मॉनिटरवर काय होतं

भास्कर, तू माझं समाधान न करताच गेलास, आणि हे तू मुद्दाम केलंस असा मला दाट संशय आहे. तुझं तेरावं होऊन चार दिवस झाले. लोक येतात, डोळे पुसतात, "देवमाणूस होता हो" म्हणतात आणि चहा घेऊन जातात. मी तुझ्या दीपनगरच्या क्वार्टरमध्ये पुढच्या खोलीत बसून हार घातलेल्या फोटोकडे बघते आणि मनात म्हणते, सुटला लबाड. मोठ्या बहिणीला तोंड द्यायला नको म्हणून गेला निघून. हसू नकोस. फोटोत हसतोयस ते दिसतंय मला.

प्रश्न तुला माहीत आहे. आपण मे महिन्याच्या सुट्टीत कानबाईची गाणी रेकॉर्ड केली. मी गायले, तू कॉम्प्युटरवर ती जुळवलीस, कॅसेट केलीस. त्या कॅसेटमध्ये माझ्या आवाजात एक शब्द आला, जो मी म्हटलेला नव्हता. 'शे'. मी म्हटलं होतं 'आहे'. तू म्हणालास, "अक्का, तूच म्हटलं." म्हणजे उत्तर तू दिलं होतंस, मला मान्य आहे. पण ते मला पटलं नव्हतं, आणि उत्तर पटेपर्यंत मी मार्क देत नाही. तीस वर्षं शाळेत हेच करत आलेय. शेवटच्या फोनवर मी तुला 'खोटारडा' म्हणाले आणि रिसीव्हर आपटला. त्यानंतर आपण बोललोच नाही. आता तो 'खोटारडा' शब्द बरोबर होता की चूक, एवढंच मला कळायला हवंय. बरोबर असेल तर तुझ्यावर मनसोक्त रागावता येईल. चूक असेल तर काय करायचं, ते मला माहीत नाही.

मी संशयी आहे हे काही तू मेल्यावर कळलेलं नाही. दुधात बोट घालून बघितल्याशिवाय मी दूध घेत नाही, आणि कंडक्टरने दिलेलं तिकीट दोनदा वाचते. तुझ्या बाबतीत तर मला कारण होतं. आपल्या सोनगीरच्या किल्ल्यावर तू मला नेलं होतंस, तू सात वर्षांचा, मी बाराची. तटापाशी उभं राहून तू ओरडलास, "अक्काऽऽ" आणि तिकडून परत "अक्काऽऽ" आलं. मी म्हटलं, तिकडे कोणाला लपवून ठेवलंयस? तू शपथा घेतल्यास, विद्येची, मायची, गावदेवाची. मी उन्हात तो सगळा तट फिरून आले, एकेक भगदाड बघितलं, कोणी सापडलं नाही. तरी घरी आल्यावर मायला सांगितलं की भास्करने पोरगा लपवला होता, माझ्या पायाचा आवाज ऐकून पळाला. मायने तुला एक धपाटा घातला. तू रडला नाहीस. माझ्याकडे बघून म्हणालास, "अक्का, तुले काहीच पटस नही." तुला काहीच पटत नाही. हे तू मला पुढे आयुष्यभर म्हणत राहिलास.

आपल्या घरात सगळे तसंच बोलत. शे, व्हतं, माले, तुले. माय तर दुसरं काही बोलतच नसे. मी डी.एड. करून जळगावला नोकरीला लागले आणि पहिल्याच वर्षी हेडमास्तरांनी सगळ्यांसमोर ऐकवलं, "बाई, तुमच्या तोंडून 'शे' ऐकल्यावर पोरांनी काय लिहायचं?" त्या दिवशी मी ठरवलं. पुन्हा तोंडातून गावचा शब्द काढायचा नाही. आणि नाही काढला. उलट पोरांच्या वह्यांतले 'शे' लाल पेनाने खोडून वर 'आहे' लिहीत गेले. 'मी अभ्यास करेल' असं कोणी लिहिलं की 'करेन' करायचे. बदलीच्या गावांत माझं नावच पडलं होतं, करेनबाई. तू मात्र नोकरीला लागलास, भुसावळजवळ दीपनगरच्या वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये बसायला लागलास, इंग्रजीतून लॉगबुक लिहायला लागलास, आणि घरी आलास की पुन्हा आपला "काय चाली राहिनं?" मला तुझी लाज वाटायची. सांगून टाकते. आता तू काही फोन ठेवणार नाहीस.

मग तो कॉम्प्युटर आला. तू मला पत्रात लिहिलंस की आता घरात बसून गाणी रेकॉर्ड करता येतात, मुंबईच्या मित्राने सॉफ्टवेअर आणून दिलंय, एकावर एक आवाज भरता येतात. मी म्हटलं, झालं, नवं खूळ. पुढच्या वेळी आले तर टेबलावर एक नाही, दोन टीव्ही.

"टीव्ही नाही अक्का, मॉनिटर."

"एका कॉम्प्युटरला दोन कशाला? एक बिघडलाय का?"

"अगं, एकात मावत नाही. नव्या विंडोजमध्ये दोन लावता येतात. आत दुसरं कार्ड बसवलं. या डावीकडच्यावर गाण्याचे ट्रॅक, त्या उजवीकडच्यावर मिक्सर." आणि मग तुझं ते नेहमीचं, "कंट्रोल रूममध्ये एका मीटरवर कोणी युनिट चालवतं का?"

तू मला खाटेवर बसवलंस, समोर माईक ठेवलास. डावा मॉनिटर माझ्याकडे तोंड करून होता. माझा आवाज त्याच्यावर हिरव्या रेषांनी उठत होता, मला मजा वाटली. उजवा मात्र पलीकडे, खिडकीकडे तोंड फिरवून. मला फक्त त्याची पाठ दिसायची, जाळीची, आतून गरम वाफ सोडणारी. मी विचारलं, त्याला का फिरवलंयस? तू म्हणालास, दोन्ही शेजारी ठेवले की एकमेकांमुळे चित्र थरथरतं, म्हणून लांब आणि तिरपा ठेवलाय. "आपल्या दोघांसारखं. जवळ आलो की लागलीच थरथराट." तू हसलास, तुझी बायको सुनंदा हसली. मी नाही हसले. माझ्याच आवाजाचं काहीतरी तिकडे चाललंय आणि मला दिसत नाही, हे मला अजिबात आवडलं नव्हतं. तू माऊस सरकवायचास, बाण डाव्या पडद्याच्या कडेला जायचा आणि गायब व्हायचा. "कुठे गेला?" "तिकडे गेला." "तिकडे काय करतोय?" "अक्का, तू गा ना!"

गाणी तरी कुठली, कानबाईची. श्रावणात नारळाची कानबाई बसवायची आणि तिच्यापुढे बायकांनी म्हणायची ती. माय म्हणायची, तिच्यामागे मी. मायचा आवाज आपल्याकडे नाही. घरात टेपरेकॉर्डर होता, कोऱ्या कॅसेटही होत्या, पण आपण त्यांच्यावर सिनेमाची गाणी भरत बसलो. माय गेल्यावर तू हे एकदाच बोललास आणि मग मला म्हणालास, "तुझ्या गळ्यात आहेत ती, तू तरी दे." त्या वाक्याला मी पाघळले. नाहीतर भुसावळच्या मे महिन्यात, पंखा बंद, कूलर बंद, खिडक्यांना गोधड्या लावलेल्या, अशा भट्टीत कोण गायला बसेल? जळगावला दिवसातून दोनदा लाईट जायची, तुमच्या कॉलनीत दिव्याची पापणी लवत नव्हती, म्हणून तुझ्याकडेच करायचं ठरलं. मी म्हटलं, श्रावण नाही, कानबाई बसलेली नाही, असं आडवेळी देवीचं गाणं म्हणायचं? तू एक मिनिट विचार केलास, आत गेलास, नारळ आणलास, त्याला हळदकुंकू लावलंस आणि तांब्यावर ठेवून थेट त्या पाठमोऱ्या मॉनिटरवर बसवलास. "बसली कानबाई. म्हण आता." सुनंदाने तोंडाला पदर लावला. मी हात जोडले, पण मनात आलं, देवीलासुद्धा याने तिकडचं बघायला बसवलं, मला नाही.

भांडणं तेव्हापासूनच. मी गाणी शुद्ध करून आणली होती. वहीत लिहून. 'तुना'चं 'तुझा', 'मनं'चं 'माझं', 'शे'चं 'आहे'. तू वही वाचलीस आणि तुझा चेहराच उतरला. "अक्का, हे मायचं गाणं नाही. हे शाळेच्या स्नेहसंमेलनाचं आहे." मी म्हटलं, माझं नाव लागणार, माझ्या शाळेत ऐकलं जाणार, माझ्या पद्धतीने होईल, नाहीतर मी ही उठले. तू गप्प बसलास. तुझं गप्प बसणं मला कधीच विश्वासाचं वाटलं नाही.

त्यातच तो बट्ट्याचा प्रकार. तू पाणी प्यायला उठलास, मी मान लांब करून डाव्या पडद्यावर बघितलं, तर माझ्या गाण्याच्या एका ट्रॅकला इंग्रजी अक्षरांत नाव दिलेलं. मी वाचलं: बट्टा. माझ्या अंगाची आग झाली. माझ्या आवाजाला बट्टा? तू आल्याबरोबर मी सुरू केलं. तू आधी गोंधळलास, मग टेबलावर हात मारून इतका हसलास की सुनंदा आतून धावत आली. "बट्टा नाही गं अक्का, बठ्ठा! बठ्ठा म्हणजे सगळं. तुझे सगळे टेक त्यात ठेवलेत, एकही पुसला नाही. बठ्ठासुद्धा विसरलीस?" मी म्हटलं, विसरले नाही, तुझं स्पेलिंग चुकलंय. खरं म्हणजे मला तो शब्द सुचलाच नव्हता. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही.

आणि तूच मला दाखवलंस ना, कसं कापतात ते? मी एका ओळीत खोकले होते. तू म्हणालास, पुन्हा गायची गरज नाही, बघ. खोकल्याएवढी रेष निवडलीस, उडवलीस, दुसऱ्या टेकमधला तेवढाच तुकडा आणून तिथे बसवलास. वाजवून दाखवलंस. खोकला नाही, काही नाही, जोड कुठे ते मला सापडेना. तू अगदी लहान पोरासारखा खूश होऊन माझ्याकडे बघत होतास. मी "छान" म्हटलं. पण त्याच क्षणी माझ्या डोक्यात आलं, हा आता माझ्या तोंडात काहीही घालू शकतो. तू कौतुकाला दाखवलंस आणि मी ते पुरावा म्हणून जपून ठेवलं. अशी बहीण मिळाली तुला.

श्रावणात कॅसेट आली. मी ती आनंदाने स्टाफरूममध्ये नेली, हे कबूल करते. मधल्या सुट्टीत लावली. चौथं गाणं. सगळ्या बायका माना डोलवतायत, आणि माझा आवाज म्हणतो, "कानबाई, तुझा मांडव हिरवा शे." तुझा आणि शे! अर्धं पुण्याचं, अर्धं सोनगीरचं. मग भूगोलाच्या बाई म्हणाल्या, "करेनबाई, आता आमच्या पोरांच्या वह्या कोणी तपासायच्या?" आणि जो हशा पिकला, तो मला अजून ऐकू येतो. शाळा सुटल्याबरोबर मी पीसीओ गाठला.

"भास्कर, गाण्यात 'शे' कुठून आलं?"

"कोणतं शे?"

"मांडव हिरवा शे! मी 'आहे' म्हटलं होतं."

"नाही अक्का, तू 'शे' म्हटलं. आणि मी तुला विचारलं पण होतं, राहू देऊ का. तू म्हणालीस, राहू दे."

"मी? कधी?"

"तेव्हाच की. गाणं संपल्यावर."

"धादांत खोटं. तू कापून जोडलंस. तुला पहिल्यापासून ते हवं होतं."

"अगं, मला घालायचंच असतं तर 'तुझा' कशाला ठेवला असता? 'तुना' नसतं केलं?"

"तेवढी अक्कल चालली नसेल."

"बरं, तू जर तीस वर्षांत एकदाही 'शे' म्हटलं नाहीस, तर मी तुझ्या आवाजातलं 'शे' आणलं कुठून? भुसावळच्या बाजारात मिळतं का?"

मी आवाज चढवला. बाहेर रांगेतली माणसं काचेतून बघायला लागली. तेव्हा तू एकदम हळू आवाजात म्हणालास, "अक्का, मी काहीच करेल नही." मी काही केलेलं नाही. तू फार मनापासून बोललास की तुझी भाषा अशी वळायची, हे मला ठाऊक होतं. आणि मी काय म्हणाले? "आधी नीट बोलायला शिक." एवढं बोलून मी फोन ठेवला. भास्कर, हे वाक्य मी पन्नास पोरांना म्हटलं असेल, त्यातलं एकही मला आठवत नाही. तुला म्हटलेलं मात्र जेवताना आठवतं.

दिवाळीच्या तोंडावर तुझा फोन आला. तू आनंदात होतास. "अक्का, भाऊबीजेला ये. मला सापडलंय. दोन्ही मॉनिटर तुझ्याकडे तोंड करून ठेवतो, तूच बघ."

"तू दाखवशील तेच दिसेल मला."

"मग फोनवर ऐकवतो. थांब जरा."

"मला काही ऐकायचं नाही. खोटारडा आहेस तू, लहानपणापासून."

आणि आपटला. भाऊबीजेला मी आले नाही. तुझ्याऐवजी चंद्राला ओवाळलं, भाऊ नसलेल्या बाया ओवाळतात तसं. भाऊ दोन तासांवर असताना. तेव्हा मला त्यात फार मोठा स्वाभिमान वाटला होता. महिन्याभराने सुनंदाचा फोन आला, तेव्हाही माझा पहिला विचार काय होता, सांगू? मला वाटलं, मला बोलावून घ्यायला तू तिला खोटं बोलायला लावलंयस. मी बसमध्ये बसून आले ती भुसावळपर्यंत हेच धरून. तुझ्या दारात चपलांचा ढीग दिसला, तेव्हा कुठे पटलं.

आज दुपारी सुनंदा माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "अक्का, एक तारखेला दोन हजार साल लागलं की सगळे कॉम्प्युटर बंद पडणार म्हणतात. पेपरातही येतंय. यातली गाणी गेली तर? त्याच्या आधी तुम्ही एकदा ऐकून घ्या." मला वाटलं, ही मला समजावायला बघतेय. मी म्हटलं, मला नाही कळत त्यातलं. ती म्हणाली, "मला येतं तेवढं. बटण मीच दाबायचे ना, ते तुमच्याशी बोलत असले की." तिचं माहेर रावेरकडचं, केळीवाल्यांचं. ती कमी बोलते, पण एकदा उठली की ऐकत नाही. मला हाताला धरून आत नेलं.

भास्कर, तुझा दुसरा मॉनिटर खिडकीकडे नव्हता. दोन्ही शेजारी शेजारी होते, दोन्हींची तोंडं खाटेकडे. मी सुनंदाकडे बघितलं. ती म्हणाली, "भाऊबीजेला तुम्ही येणार म्हणून त्यांनी फिरवून ठेवला होता. मग राहिला तसाच." तिने कॉम्प्युटर चालू केला, ते चौथं गाणं उघडलं. चित्र खरंच थरथरत होतं दोन्हींवर, बारीक, ताप भरल्यासारखं. तू शेवटचं जसं ठेवलं होतंस तसंच ते उघडलं. एकच लांब हिरवी रेष, डाव्या मॉनिटरवर सुरू झालेली, कडेला जाऊन उजव्यावर पुढे गेलेली. मिक्सर वगैरे काही नाही.

तिने बटण दाबलं. माझा आवाज. तबला नाही, पेटी नाही, नुसती मी. ओळ आली. "कानबाई, तुझा मांडव हिरवा शे." स्वच्छ. सुनंदाने बोट ठेवून दाखवलं, रेष कुठेही तुटलेली नव्हती. मी म्हटलं, जोड दिसत नाही हे मला माहीत आहे, त्यानेच दाखवलंय मला. सुनंदाने माझ्याकडे असं बघितलं, की मला माझीच लाज वाटली. पण मी खोटं नाही बोलले. मला तेव्हाही पटलं नव्हतं.

गाणं संपलं. डाव्या मॉनिटरची कड आली. मी उठायला लागले, तर सुनंदा म्हणाली, "अजून आहे, अक्का." उजव्या मॉनिटरवर रेष चालूच होती, बारीक बारीक उंचवटे. काही वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग एक बाई बोलली.

"झायं का रे? मना घसा सुकी गया. पानी दे, भाऊ."

मला वाटलं, माय. क्षणभर खरंच वाटलं. मग कळलं, की ती मी आहे. घसा सुकला म्हणून पाणी मागणारी, करेनबाई.

आणि मग तू. "आनस, अक्का. बस तू." खुर्ची सरकली, तुझ्या सपाता वाजत आत गेल्या, माठावरचं झाकण, पेला. परत आलास. मी पाणी पितेय, घोटाघोटाचा आवाज आहे. आणि तू विचारतोयस, "अक्का, तू 'आहे'नी जागावर 'शे' म्हनी. राहू देऊ का?"

मी म्हणते, "राहू दे रे. माले भूक लागनी शे. सुनंदाले सांग, पिठलं टाक."

विचारलं होतंस, भास्कर. विचारलं होतंस तू. मी पिठल्याच्या नादात हो म्हणून टाकलं आणि विसरले. मला आठवतं ते फक्त पिठलं. तुझा प्रश्न मला आजही आठवत नाही, कानांनी ऐकूनसुद्धा आठवत नाही.

त्याच्यापुढे तू अजून बोलला आहेस. "मंग नंतर म्हनू नको हां, भास्करनी टाकं." नंतर म्हणू नकोस, भास्करने घातलं म्हणून. आणि मी म्हणते, "मी कसाले म्हनसू?" मी कशाला म्हणेन! आणि दोघं हसतोय आपण. बराच वेळ हसतोय. मी इतकी मोकळी हसते, हे मला ठाऊक नव्हतं.

सुनंदाने विचारलं, "बंद करू?" मी मान हलवली, नको म्हणून. तिने पहिल्यापासून पुन्हा लावलं. मग पुन्हा. तिसऱ्यांदा मी तिला सांगितलं, गाणं राहू दे, उजव्या मॉनिटरवरचंच लाव. ती शेजारी बसून माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिचा नवरा गेलाय, आणि हात ती माझ्या पाठीवरून फिरवतेय. मी कधी कोणाचं काय बघितलं?

तर तो शब्द चूक होता. तू खोटारडा नव्हतास. तू मला बोलावलंस, दोन्ही मॉनिटर फिरवून ठेवलेस, फोनवर ऐकवतो म्हणालास, आणि मी आले नाही. हे आता कुठल्या टेकमधून काहीही आणून जोडता येणार नाही.

पण एक विचारायचं राहिलंच. गाणं संपल्यावर तू माईक बंद का केला नव्हतास? बाकीची आठ गाणी सुनंदाने उघडून बघितली, तिथे गाणं संपलं की रेष थांबते. याच एका गाण्याला तू चालू ठेवलास. म्हणजे तुला तेव्हाच माहीत होतं, अक्का उद्या उलटणार, हिला पुरावा लागणार. माझा नवा संशय हा आहे. खरं सांग.

ठेवला असशील तर बरं केलंस. मनं चुकनं, भाऊ.